शब्द एकटा येत नाही

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात इंग्रजीचे काय काम, असे काही वडीलधाऱ्यांच्या मनात आले असेल. विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही काही जण मिळून संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. गणिताची तक्रार मुले कधी करतात, कधी नाही. इंग्रजीची तक्रार मात्र रोजची आहे. समितीने आम्हांस सांगितले की, वर्गात मुलांना जे सांगता तेच एकदा आईबापांच्या समोर सांगा. म्हणून आज उभे राहिलो आहोत.

मुलांची तक्रार अशी की, शब्द पाठ आहेत पण वाक्य जुळत नाही. ही तक्रार खोटी नाही. रोज दहा शब्द पाठ करायचे, महिन्याचे तीनशे, वर्षाचे साडेतीन हजार, असा हिशोब करून वह्या भरलेली मुले आम्ही पाहिली आहेत. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी अर्थ आणि मध्ये पट्टीने मारलेली रेघ. अशा वहीच्या मालकाला आम्ही विचारले, "काल जोराचा पाऊस आला, हे इंग्रजीत सांग." तो म्हणाला, "यस्टर्डे स्ट्राँग रेन केम." आता यात चुकीचा शब्द कोणता? स्ट्राँग म्हणजे जोरदार, बरोबर. रेन म्हणजे पाऊस, बरोबर. केम म्हणजे आला, तेही बरोबर. शब्द सगळे बरोबर असूनही इंग्रज माणूस असे बोलत नाही. तो "हेवी रेन" म्हणतो. मुलाला हेवी हा शब्द येत होता. त्याच्या वहीत हेवी म्हणजे जड, एवढे लिहिलेले होते. हेवी आणि रेन यांची सोयरीक मात्र त्याला कोणी सांगितली नव्हती.

आमचा आजचा सगळा विषय एवढाच आहे. शब्द एकटा राहत नाही, त्याची सोयरीक ठरलेली असते. कोणता शब्द कोणाबरोबर जातो हे शिकलो तर भाषा येते. सुटा शब्द कितीही घोकला तरी तो वहीतच राहतो.

हे इंग्रजीचेच आहे असे नाही. आपल्या मराठीकडे पाहा. आपण भाकरी खातो, ते ठीक. पण आपण मारही खातो, शपथ खातो, हवा खातो, भाव खातो, कोणी पैसे खातो, तर कोणी आपले डोके खातो. यातले पोटात काय जाते? फक्त भाकरी! मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाने डिक्शनरी उघडून खाणे म्हणजे काय ते पाहिले, तर "त्याने मार खाल्ला" या वाक्यापाशी तो अडून बसेल. 'लागणे' घ्या. भूक लागते, झोप लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, नाद लागतो. इंग्रजीत या प्रत्येकाला वेगळी तऱ्हा. भूक लागली की "आय ॲम हंग्री", झोप लागली की "आय फेल अस्लीप", नोकरी लागली की "आय गॉट अ जॉब", निकाल लागला की "द रिझल्ट्स वेअर डिक्लेअर्ड". आपल्याकडे एकच क्रियापद, आणि तिकडे प्रत्येक वेळी दुसरेच.

वर्गातल्या मुलांना 'कडक' हा शब्द फार आवडला, म्हणून तोही सांगतो. नाईट ड्युटीवरून आलेला माणूस घरी म्हणतो, कडक चहा टाक. बाहेर कडक ऊन, जानेवारीत कडक थंडी, शाळेत कडक शिस्त, आणि साहेब कडक. इंग्रजीत चहा "स्ट्राँग", ऊन "स्कॉर्चिंग", थंडी "बिटर", शिस्त "स्ट्रिक्ट". एका मुलाने "हार्ड टी" लिहिले होते. कडक म्हणजे हार्ड, असे त्याच्या वहीत होते आणि ते खोटेही नव्हते. बिटर म्हणजे कडू, हे मुलांना पाठ असते, पण थंडी कडू कशी असेल असे त्यांना वाटते. आम्ही सांगितले, जशी आपली थंडी बोचरी असते तशी त्यांची कडू असते, त्यात का म्हणून विचारू नये. सोयरीक कशी जमली हे विचारत बसण्यापेक्षा लग्नाला हजर राहावे!

या गोष्टीचा शास्त्रीय अभ्यासही झालेला आहे. इंग्लंडचे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी मांडले की, शब्दाचा अर्थ समजून घ्यायचा तर तो कोणाच्या संगतीत वावरतो ते पाहिले पाहिजे. हे फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. लाहोरचे नाव आले की आपल्याला दुसरेच काही आठवते, त्याकडे पुढे येतोच. त्यांच्याही आधी हॅरोल्ड पामर नावाचे इंग्रज शिक्षक टोकियोत जपानी मुलांना इंग्रजी शिकवताना याच अडचणीत सापडले. जपानी मुलेही शब्द पाठ करीत आणि वाक्यापाशी अडत. पामर यांनी अशा शब्दजोड्या गोळा करून १९३३ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यांच्याबरोबर काम केलेल्या हॉर्नबी यांनी पुढे टोकियोतच १९४२ मध्ये विद्यार्थ्यांसाठी डिक्शनरी काढली. तीच १९४८ पासून ऑक्सफर्डने छापली. आपल्या मुलांच्या दप्तरात ऑक्सफर्डची जी जाड डिक्शनरी असते तिचे मूळ असे जपानी मुलांच्या वर्गात आहे. म्हणजे इंग्रजी अडते ते काही भंडारा जिल्ह्यातल्या पोरांचेच नाही.

याच्या उलट प्रयोगही झाला. १९३० साली ऑग्डेन नावाच्या विद्वानाने 'बेसिक इंग्लिश' काढले. अवघे ८५० शब्द शिका आणि इंग्रजी या, अशी ती योजना. क्रियापदे तर फक्त १८. ऐकायला किती सोपे! पण क्रियापदे कमी केली की त्यांच्या जोड्या वाढतात. 'पुट' येतो, 'अप' येतो, 'विथ' येतो. तिन्ही शब्द चौथीतल्या मुलाचे. पण "पुट अप विथ" म्हणजे सहन करणे, हे त्या तिघांपैकी एकाच्याही पोटात नाही. आजही बाजारात "इतक्या दिवसांत इतके शब्द" अशा जाहिरातींची पुस्तके मिळतात. ती विकत घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही, पण त्यात शब्द सुटे असतील तर ती रद्दीच्या भावातच घ्यावीत.

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे येऊ. बाबासाहेबांचे इंग्रजी हा साऱ्या जगाने मानलेला विषय आहे. कोलंबिया, लंडन, ग्रेज इन, हे सर्व आपल्याला पाठ आहे आणि प्रत्येक १४ एप्रिलला आपण ते सांगतो. पण त्या इंग्रजीचा पाया कोठे घातला गेला, हे आपण कमी सांगतो. तो पाया कोलंबियात घातलेला नव्हता. तो सुभेदार रामजींनी घातला. रामजी बाबा लष्करी शाळेत हेडमास्तर होते आणि त्यांना शिकवण्याची हातोटी होती. त्यांनी शाळकरी भीमरावांकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घेतली, असे चरित्रांतून नमूद आहे. भाषांतर करताना नेमका शब्द कोणता बसतो, याकडे त्यांचा कटाक्ष असे.

तर्खडकरांची पुस्तके इथल्या जुन्या मंडळींपैकी काहींनी पाहिली असतील. त्यात थोडे शब्द, थोडा नियम आणि मग वाक्येच वाक्ये. इंग्रजी वाक्याचे मराठी करा, मराठी वाक्याचे इंग्रजी करा. ही पुस्तके आज जुनाट वाटतात, त्यातली काही वाक्ये तर हसू येईल अशी आहेत. पण त्यांचा एक मोठा गुण असा की, शब्द वाक्यातून येतो आणि वाक्यातूनच परत जातो. मराठी "मार खाल्ला" हे इंग्रजीत नेताना मुलाला थांबावेच लागते. इथे 'ईट' चालणार नाही हे त्याला हातानेच कळते. रामजी बाबांनी परळच्या चाळीतल्या एका खोलीत आपल्या मुलाला पहाटे दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवले, ही गोष्ट आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. पहाटे उठून काय करून घेतले, तेही सांगायला हवे. केवळ जागरणाने इंग्रजी येत असते तर फॅक्टरीत नाईट शिफ्ट करणारे आपण सगळेच बॅरिस्टर झालो असतो!

आणि एवढे इंग्रजी येऊनही बाबासाहेबांनी 'मूकनायक' १९२० साली मराठीतच काढले, 'बहिष्कृत भारत' १९२७ साली मराठीतच काढले. एक भाषा आली म्हणून दुसरी टाकली नाही. कॉन्व्हेंटमध्ये मुले घालणाऱ्या पालकांना आमचे हे सांगणे आहे, रागावू नका. घरातली मराठी तोडून इंग्रजी येत नाही. कडक चहा आणि कडक ऊन यांतला फरक ज्याला मराठीत जाणवतो त्यालाच तो इंग्रजीत शोधावासा वाटतो.

सावित्रीबाईंचेही स्मरण इथे केले पाहिजे. १८५४ च्या 'काव्यफुले' या संग्रहात त्यांनी इंग्रजीला माउली म्हटले आहे. शूद्रातिशूद्रांच्या मुलांना जी विद्या नाकारली गेली ती या भाषेच्या वाटेने येऊ शकते, हे त्यांनी त्या काळी ओळखले. आम्ही ज्या पिढीतले आहोत तिला मराठी शाळेत एबीसीडी पाचवीत भेटली. २००० सालापासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आली. माउली चार वर्षे आधी घरी आली, पण तिच्याशी बोलायचे कसे, हे अजून मुलांना सांगितले जात नाही.

लाहोरकडे परत येऊ. १९३६ साली तिथल्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले, मजकूर वाचून मंडळ कचरले आणि ते भाषण झालेच नाही. बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. त्याचे नाव 'ॲनाइहिलेशन ऑफ कास्ट'. हे नावच पाहा. जातीला इंग्रजीत नेहमी जोडले जाणारे शब्द वेगळे होते. सुधारणेची भाषा होती, 'रिफॉर्म'ची. 'ॲनाइहिलेशन' हा शब्द शत्रूच्या सैन्याचा समूळ नाश झाला अशा प्रसंगी येतो. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'निहिल' आहे, म्हणजे काहीही नाही, शून्य. हा रणांगणावरचा शब्द त्यांनी जातीला नेऊन जोडला. नेहमीची सोयरीक मोडून नवी केली आणि म्हणून ते नाव वाचणाऱ्याला दचकवते. पण नेहमीची सोयरीक कोणती हे ज्याला पक्के माहीत आहे त्यालाच ती अशी मोडता येते. बाकीच्यांनी मोडली की ती 'हार्ड टी' होते.

संविधानाच्या इंग्रजी प्रतीतही अशा जोड्या जागोजागी आहेत. 'फंडामेंटल राइट्स', 'रीझनेबल रिस्ट्रिक्शन्स', 'इक्वॅलिटी ऑफ ऑपॉर्च्युनिटी'. वकिली किंवा स्पर्धा परीक्षेकडे जाणाऱ्या मुलांनी त्या तशाच्या तशा उचलाव्यात. कलम १७ मध्ये अस्पृश्यतेसाठी 'अबॉलिश' हे क्रियापद आहे. मुले 'अबॉलिश' म्हणजे नष्ट करणे असे लिहून घेतात आणि मग "अबॉलिश द मॉस्किटोज" असे वाक्य करतात. अबॉलिश होते ती प्रथा, कायदा, कर, गुलामगिरी. माणसांनी बसवलेली गोष्ट माणसांनी उठवली की ती 'अबॉलिश' झाली. डास कोणी कायद्याने बसवलेले नाहीत. म्हणजे बघा, अस्पृश्यता ही निसर्गाची नव्हे तर माणसाची करणी आहे, हे त्या क्रियापदाच्या निवडीतच येऊन बसले आहे.

आपल्या जिल्ह्याचाही एक धडा आम्ही वर्गात घेतला. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे होते आणि त्यांचा पराभव झाला. ही आपल्या जिल्ह्याच्या जिव्हारी लागलेली गोष्ट आहे. मुलांना हे इंग्रजीत लिहायला सांगितले. "बाबासाहेब स्टूड इन इलेक्शन," असे बहुतेकांनी लिहिले. इंग्लंडचे लोक "स्टँड फॉर इलेक्शन" म्हणतात, अमेरिकेचे "रन फॉर" म्हणतात. कोणी उभे राहतो, कोणी धावतो! दोन्हीकडे चालेल असे हवे तर "कॉन्टेस्टेड द बाय-इलेक्शन" लिहावे. आणि पराभव झाला याला "डिफीट हॅपन्ड" नाही, "लॉस्ट द इलेक्शन". या एका घटनेच्या चार ओळींत मुलांना सहा जोड्या मिळाल्या. त्या घटनेशी त्यांचे नाते असल्यामुळे त्या विसरल्या गेल्या नाहीत.

आता थोडे आपल्या वसाहतीबद्दल. जवाहरनगरची वस्ती ऑर्डनन्स फॅक्टरीमुळे वसली. १ ऑक्टोबर २०२१ पासून फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे गेली, तरी आपल्या तोंडी ती 'फॅक्टरी'च आहे. स्फोटकांशी ज्यांचे पोट बांधलेले आहे अशा घरांत इंग्रजीच्या काही जोड्या फक्त परीक्षेसाठी नसतात. 'इन्फ्लेमेबल' हा शब्द घ्या. मुलांना शिकवलेले असते की शब्दाच्या पुढे 'इन' आला की अर्थ उलटा होतो. 'करेक्ट' बरोबर तर 'इनकरेक्ट' चूक. या हिशोबाने 'इन्फ्लेमेबल' म्हणजे पेट न घेणारे, असे वर्गातल्या अर्ध्या मुलांनी सांगितले. वास्तविक 'इन्फ्लेमेबल' म्हणजे चटकन पेट घेणारे. 'फ्लेमेबल' म्हणजेही तेच. पेट न घेणारे ते 'नॉन-फ्लेमेबल'. हायवेवर ठाणा पेट्रोल पंपापाशी उभे राहिले तर जाणाऱ्या टँकरच्या पाठीवर "हायली इन्फ्लेमेबल" दिसेल. ही जोडी ज्याने अख्खी डोक्यात ठेवली तो फसणार नाही. ज्याने सुटा शब्द फोडून अर्थ लावला तो फसला.

२४ जानेवारी २०२५ च्या सकाळी आपल्या फॅक्टरीत स्फोट झाला आणि आपली माणसे गेली. त्या दुर्घटनेचा इंग्रजीशी काही संबंध आम्ही जोडत नाही, कोणी जोडूही नये. पण धोक्याच्या पाट्या इंग्रजीत लिहिलेल्या असतात त्या वस्तीत त्या पाट्या घरातल्या प्रत्येकाला, बायाबापड्यांनाही, वाचता आल्या पाहिजेत, हे त्या दिवसापासून आमच्या मनात अधिक पक्के झाले. "नेकेड फ्लेम" म्हणजे उघडी ज्योत. "स्ट्रिक्टली प्रोहिबिटेड" म्हणजे सक्त मनाई. 'नेकेड'चा दुसरा अर्थ माहीत असलेली पोरे फिदीफिदी हसतात, हसू द्यावे. हसून का होईना, लक्षात राहते.

औषधाच्या बाटलीचेही तसेच. "फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली" म्हणजे वरून लावायचे, पोटात घ्यायचे नाही. "ऑन ॲन एम्प्टी स्टमक" म्हणजे अनशापोटी. "शेक वेल बिफोर यूज" यातल्या 'वेल'चा विहिरीशी संबंध नाही. आमच्या वर्गाला बसणाऱ्या आया यांत मुलांच्या पुढे आहेत, कारण त्यांना ते रोज लागते. डॉक्टरांपुढे "बिग फीव्हर" न म्हणता "हाय फीव्हर" म्हणणारी बाई आम्ही पाहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरचे समाधान दहावीच्या निकालापेक्षा कमी नव्हते.

परीक्षेचे तर विचारूच नका. 'परीक्षा देणे' याचे इंग्रजी मुले "गिव्ह एक्झाम" करतात. भारतभर लोक असे बोलतात आणि समोरच्याला समजतेही, त्यामुळे बोलताना आम्ही कोणाला टोकत नाही. पण पेपरात "टेक ॲन एक्झाम" हवे. आपण देतो, ते घेतात, अशी ही उलटी गंगा आहे. "मेक अ मिस्टेक" पण "डू होमवर्क". "मेक अ स्पीच" पण "डू अ फेवर". बँकेच्या, स्टाफ सिलेक्शनच्या पेपरात गाळलेल्या जागा येतात, त्यातल्या कितीतरी अशा सोयरिकींच्याच असतात. व्याकरणाचा नियम लावून त्या सुटत नाहीत. डोळ्यांखालून गेलेल्या असतील तरच सुटतात. एका बाबतीत मात्र आपण विदर्भाची माणसे सुदैवी. "पोरगा अभ्यास करून राहिला" असे आपण म्हणतो, त्यामुळे "ही इज स्टडिंग" आपल्याला पुण्या-मुंबईच्या पोरांपेक्षा लवकर कळते. फक्त "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" म्हणू नये. भाऊ काही असून राहिले नाहीत, ते आहेतच.

मग शिकायचे कसे? त्याचे उत्तर या विहारातच आहे. आपली लहान लेकरे त्रिशरण-पंचशील कसे शिकली? कोणी त्यांना पालीचे शब्द सुटे करून, रेघ मारून, अर्थ लिहून दिले होते का? सर्वांबरोबर बसून, हात जोडून, अख्खी ओळ कानावर पडत गेली. पाचही शीलांत 'वेरमणी'पासून पुढचा भाग तोच राहतो, फक्त सुरुवात बदलते. चार वर्षांचे पोर ते बरोबर पकडते आणि कोणत्या शीलात काय बदलायचे हे त्याला न शिकवता येते. भाषा अशीच येते. न बदलणारा तुकडा पक्का करायचा आणि बदलणारी जागा भरत जायची. "पे अटेन्शन", "पे अ व्हिजिट", "पे होमेज". तिन्ही ठिकाणी पैसे द्यायचे नाहीत!

विहारातल्या रोजच्या गोष्टींपासूनच आम्ही सुरुवात केली. शरण जाणे "टेक रेफ्यूज". शील पाळणे "ऑब्झर्व्ह द प्रिसेप्ट्स", इथे ऑब्झर्व्ह म्हणजे निरीक्षण नव्हे. मेणबत्ती लावणे "लाइट अ कँडल", फुले वाहणे "ऑफर फ्लॉवर्स", ध्यान करणे "प्रॅक्टिस मेडिटेशन". 'सम्यक'ला अष्टांगिक मार्गात आठही वेळा "राइट" घेतात, म्हणून सम्यक आजीविका "राइट लाइव्हलीहूड". हे उगाच नाही. आपल्याच जिल्ह्यात पवनीला १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष सापडले. जवळच रुयाडला महास्तूप आहे, कामठीला ड्रॅगन पॅलेस आहे, नागपूरला दीक्षाभूमी आहे. जपान, थायलंड, श्रीलंकेचे लोक तिथे येतात. त्यांना आपल्या मुलीने चार वाक्ये नीट सांगितली तर ती चार वाक्ये आपली असतील, कोणा एजंटाची नसतील.

वहीची पद्धत आम्ही बदलली आहे. पट्टीची रेघ काढून टाकली. एका पानावर एकच क्रियापद, मोठ्या अक्षरात. मेक, डू, टेक, गिव्ह, हॅव, गेट, कीप, पे, ब्रेक, कॅच. खाली त्याची मिळतील तशी मंडळी येत जातात. 'कॅच'च्या पानावर "कॅच अ ट्रेन" आले, मग "कॅच अ कोल्ड" आले. एका मुलीने लिहिले, "कॅच फायर". कोठून आणले विचारले तर म्हणाली, बाबांच्या सुरक्षेच्या पुस्तिकेतून. प्रत्येक जोडीखाली एक वाक्य स्वतःच्या घरातले हवे. "माय फादर कॅचेस द ट्रेन ॲट वरठी" असे. पुस्तकातला रॉबर्ट आणि त्याचा कुत्रा आम्हांला नको. आठवड्याला दहाच जोड्या, त्याहून जास्त नाही. पण दर शनिवारी मागच्या चार आठवड्यांच्या जोड्या परत होतात. यात कंटाळा आहे, हे मान्य. मुले शेवटच्या बाकावर जांभया देतात. दुसरा मार्ग आम्हांला सापडलेला नाही.

मोबाईलबद्दल पालक विचारतात. मोबाईलवर बोलून विचारले तर कोणत्याही शब्दाच्या जोड्या क्षणात समोर येतात, ही मोठी सोय आहे आणि आम्ही ती वापरतो. पण समोर आलेले हाताने लिहिले नाही तर उद्या ते डोक्यात नसते, एवढे आम्ही पाहिले आहे.

पालकांकडे एकच मागणे आहे आणि ते करून आम्ही थांबतो. आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून मुलाच्या वहीकडे पाहायचे नाही, असे करू नका. येत नसले तरी वाचून दाखव म्हणा. आणि घरात औषधांची रिकामी खोकी, खताच्या पिशव्या, प्रेशर कुकरची, मिक्सरची माहितीपुस्तिका, गॅसचे कार्ड असे जे काही इंग्रजी छापलेले असेल ते रद्दीत घालण्याआधी मुलांजवळ द्या. येत्या रविवारी सकाळी वंदना झाल्यावर वर्गात त्या सगळ्यांचा ढीग करून त्यातल्या जोड्या उतरवायच्या आहेत. खोकी धुऊन, वाळवून पाठवा, मागच्या वेळी एका खोक्यात अर्धी बाटली खोकल्याचे औषध निघाले होते.

जय भीम. नमो बुद्धाय.